ढब्बूच्या मापाची झबली

थोरली : हे एवढं मोठं?

आई : मोठं कुठं? बरोबर आहे. सकाळीच ढब्बूला घालून बघितलं, तर पठ्ठ्या काढूच देईना. त्याची आई म्हणते कशी, राहू दे का हे आमच्याकडे? म्हटलं, बाई गं, हे माझ्या नातीचं आहे. तुझ्या लेकाला नुसतं दुकानातल्या पुतळ्यासारखं उभं केलंय.

थोरली : ढब्बू म्हणजे शेजारच्या कुलूपवाल्यांचा?

आई : मग दुसरा कोणता ढब्बू आहे गल्लीत? आपल्या पिल्लूच्याच आठवड्यातला तो. त्याच दवाखान्यातला. रोज या शिलाई मशीनखाली रांगत येतो आणि मशीनचा पायटा धरून उभा राहतो. त्याला टेप लावली की माझं काम झालं. नातीचं तोंड बघायला मिळत नाही म्हणून तिचं माप अडायचं थोडंच आहे?

थोरली : थांब, थांब. तू इतके दिवस ढब्बूच्या मापाने शिवतेस?

आई : पहिल्या झबल्यापासून. का गं? अशी बघतेस काय?

थोरली : मला वाटलं, अंदाजाने करत असशील.

आई : अंदाजाने? मी काय रेडिमेडच्या ठेल्यावर बसलेय? आजवर एक गिऱ्हाईक माप चुकलं म्हणून परत आलेलं दाखव मला. ते जाऊ दे, हे बघ. पुढचा भाग त्या वकिलांच्या सदऱ्यातला, काय मऊ सूत आहे! पाठ पडद्याच्या कापडाची आहे, पण तीनदा धुऊन सगळी खळ काढली. बाह्या बँकेतल्या बाईंच्या ड्रेसच्या. आणि हो, सगळं विचारून घेतलंय. शिंपी कापड खातो म्हणतात, तर म्हटलं नातीच्या अंगावर चोरीची चिंधी नको. वकील तर म्हणाले, घ्या मावशी, उरलेल्याचं काय एवढं. म्हटलं, तुमचं कापड असलं की पोरगी भांडणात कुणाला हार जायची नाही.

थोरली : छान आहे.

आई : छान आहे म्हणतेस आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. शिवण बघ, सगळी बाहेरून घेतलीय. लहान जीवाला आतली शिवण टोचते. लोकांना वाटेल उलटं घातलंय, वाटू दे. घे, पिशवीत घाल. खाली टोपडं आहे, दोन लंगोट आहेत.

थोरली : आई, आज मी हे नेणार नाही.

आई : विसरशील म्हणून तर पिशवी दाराला अडकवून ठेवली होती.

थोरली : विसरण्याचं नाही. नेणारच नाही. ती नको म्हणते.

आई : कोण, धाकटी? आत्ता? इतके महिने घेतलं की तिने.

थोरली : मी नेत होते. ती घेत होती असं नाही.

आई : म्हणजे? अगं, दरवेळी येऊन सांगत होतीस ना? छान बसलं. खांद्यावर छान बसलं. गळ्याला छान बसलं. मीच विचारायचे, काखेत ताणत नाही ना, आणि तू म्हणायचीस, छे, अगदी मापात.

थोरली : म्हणायचे.

आई : मग?

थोरली : काही नाही. चहा टाकू का?

आई : चहा बिहा काही नको. बस इथे. तू लहानपणापासून अशीच. ताकाला तूर लागू द्यायची नाहीस आणि वर डोळे भरून बसायचीस. घोडं नक्की कुठं पेंड खातंय ते सांग. कापडात खोट आहे? रंग गेला? पोरीच्या अंगावर काही उठलं का?

थोरली : तसं काही नाही.

आई : मग जोडाजोडीचं आहे म्हणून? तुकड्यांचं घालायला लाज वाटते तिला? तिच्या शाळेतल्या पहिल्या फ्रॉकला चार रंग होते म्हणावं. सगळ्या पोरी मागे लागल्या होत्या, आम्हालाही असाच हवा म्हणून.

थोरली : आई, तिला वाटतं तू मुद्दाम करतेस.

आई : काय मुद्दाम करते?

थोरली : मोठं शिवतेस ते.

आई : कळलं नाही मला.

थोरली : मलाही आत्ता, या क्षणाला कळलं. ढब्बूचं तू सांगितलंस तेव्हा. मीही इतके दिवस हाच विचार करत होते की आई असं का करते. तिच्यापुढे विषय काढायची हिंमत नव्हती आणि तुला विचारलं तर सगळंच बाहेर आलं असतं. माझं आपलं तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आई : सगळंच म्हणजे काय? बाहेर काय यायचंय अजून?

थोरली : ती म्हणते, आईची नजर म्हणजे टेप आहे. दारातून माणूस आत आला की त्याची छाती-कंबर तिला कळते. आईने पिल्लूला बघितलंय, त्या काचेच्या पेटीत का होईना. आणि तरी ती मापाच्या दुप्पट शिवून पाठवते. बाई दुसऱ्या कुणाचं चुकवत नाही, माझ्याच पोरीचं दरवेळी चुकतं? ते चुकणं नाही, बोलणं आहे. पोर केवढी असायला हवी होती ते ती मला दाखवतेय.

आई : अरे देवा.

थोरली : आणि आधीचं ते होतंच ना मनात. तू दवाखान्यात मावशीला म्हणालीस ते.

आई : ते नको काढूस.

थोरली : मी नाही काढत. ती काढते.

आई : थांब जरा. मला आधी हे सांग. मापाच्या दुप्पट म्हणालीस. दुप्पट कशी होईल? ढब्बू जरा अंगाने आहे, मान्य. म्हणून मी एक बोट कमीच धरते. पोरी नाजूक असतात. तरी दुप्पट?

थोरली : आई, ती ढब्बूएवढी नाहीये.

आई : मग केवढी आहे?

थोरली : लहान आहे.

आई : लहान म्हणजे? गिऱ्हाईकाने असं सांगितलं तर मी त्याला हाकलून देईन. रांगते ना ती? तू सांगायचीस खेळते म्हणून.

थोरली : खेळते. पडल्या पडल्या खेळते. हातात काही दिलं तर बघत बसते. दूध प्यायला लागली की मध्येच दमते. धाप लागते. कपाळाला घाम येतो. मग दूध तसंच राहतं.

आई : दुधाने धाप लागते?

थोरली : हृदयात दोष आहे तिच्या. जन्मापासूनचा. दुसऱ्या महिन्यात कळलं. डॉक्टर म्हणाले, वजन जरा वाढू दे, मग ऑपरेशन करू. आणि वजन काही वाढत नाही.

आई : दुसऱ्या महिन्यात! आणि मी इथे ढब्बूला पुतळा करून नाचवत बसलेय?

थोरली : तिने शपथ घातली होती. आईला सांगितलंस तर तुझाही दरवाजा बंद, म्हणाली. इकडे आड तिकडे विहीर. मी म्हटलं, आज ना उद्या अंग धरेल पोर, मग सांगू सावकाश. तोवर तू विचारलंस की म्हणायचे, छान बसलं. तुला तेवढंच बरं वाटायचं.

आई : बरं वाटायचं! अगं, तू एकदा जरी म्हणाली असतीस ना, आई, सैल झालं, तरी मी त्याच पावली चालत गेले असते. सैल झालं म्हणजे काय ते मला कळतं. शिंप्याशी कुणी खोटं बोलतं का? मी जे तुझ्या तोंडचं ऐकलं त्यावरच पुढचं कापत गेले. दरवेळी थोडं मोठं. दरवेळी थोडं मोठं! आणि ती तिकडे पिशवी उघडत होती.

थोरली : ओरड माझ्यावर. ओरड, मला बरं वाटेल.

आई : तुला बरं वाटावं म्हणून नाही ओरडायचं मला. आज का आलीस ते सांग. नुसतं नको सांगायला तू एवढी धावत आली नाहीस.

थोरली : उद्या ऑपरेशन आहे.

आई : उद्या?

थोरली : आता थांबण्यात अर्थ नाही म्हणाले. वजनाची वाट बघत बसलो तर... पुढचं बोलले नाहीत ते. आणि नंतर घालायला कपडे आणा म्हणाले. सुती, पुढून पूर्ण उघडे. डोक्यातून घालता येणार नाही. हाताला, छातीला नळ्या असतील, म्हणून खांद्यावरही उघडे पाहिजेत. बटण नको, हुक नको, बांधायचे बंद चालतील. मी सगळा बाजार पालथा घातला. पुढून उघडं मिळतं, खांद्यावर कुणी उघडत नाही. आणि जे मिळतं ते तिला सैलच.

आई : तिने पाठवलं तुला?

थोरली : नाही. ती म्हणाली, जुन्या चादरीत गुंडाळू. मी माझ्या मनाने आलेय.

आई : मग मला ने. मी बघते, माप घेते, तिथेच बसून शिवते.

थोरली : आई, नको. आज नको. आज ती नुसती काच झालीये. हात लावला तर तडा जाईल. तू शिव, मी नेते. कुणी शिवलं ते सांगणार नाही.

आई : तुझं हे सांगणार नाही, सांगणार नाही ऐकूनच तर इथवर आलो आपण! आणि पोर बघितल्याशिवाय मी शिवू कशावर? आता तर ढब्बूही नाही कामाचा. उंटावरून शेळ्या किती हाकायच्या माणसाने?

थोरली : रेडिमेडवाल्याने विचारलं तर मी त्याला हाताने दाखवलं. एवढी म्हणून.

आई : दाखव मला.

थोरली : ही अशी. डोक्यापासून इथवर.

आई : धर तसेच. हलवू नकोस हात. टेप कुठे गेली माझी?

थोरली : गळ्यात आहे तुझ्या.

आई : हं. आता खांद्यापासून कमरेपर्यंत दाखव. तू उचलतेस ना तिला? उचलतेस तेव्हा हात कुठे असतात ते आठव. डोळे मिटून आठव. खोटं नको सांगूस. माझ्यासाठी एक बोटही मोठी नको करूस.

थोरली : एवढी.

आई : नीट आठव.

थोरली : एवढीच आहे गं आई.

आई : आता छाती. दोन्ही तळव्यांत धरतेस तेव्हा मागे बोटं भेटतात?

थोरली : भेटतात. एकावर एक चढतात.

आई : एकावर एक. बरं. दंड?

थोरली : माझा अंगठा आहे ना, त्याहून थोडा जाड. आई, मी नुसतं आठवून दाखवतेय, चुकेल माप.

आई : तू हात धरून ठेव. हातांमधलं अंतर मी वाचते. बरं, झालं. खाली घे हात.

थोरली : किती आलं?

आई : ती काचेच्या पेटीत होती ना, तेव्हाचं मला आठवतंय. त्याच्यावर थोडंसंच.

थोरली : रडू नकोस.

आई : रडत नाहीये. डोळे पुसून घेतेय, सुई ओवायची आहे. ते वकिलांचं राहिलेलं दे इकडे. आणि हे नवीन झबलं उलगडून बाजूला ठेव, त्याचंही सूत लागेल मला.

थोरली : ते कापतेस? एवढं नीट शिवलेलं?

आई : उसवते. ज्याच्या त्याच्या मापाचं नसलं की ती नुसती कतरणच.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. दवाखान्यात, ऑपरेशनच्या दालनाबाहेरचा बाक. धाकटीच्या मांडीवर बाळ.)

धाकटी : तुला ताईने आणलं?

आई : नाही. तिने खालीच बस म्हणून सांगितलं होतं. मी जिना चढून आले.

धाकटी : ताई कुठाय?

आई : जावईबापूंबरोबर सह्या करायला गेलीय. तिला रागावू नकोस.

धाकटी : रागवायला ताकद लागते.

आई : बसू का?

धाकटी : बाक काही माझा नाही.

आई : ही... झोपलीय?

धाकटी : नाही. डोळे उघडे आहेत. आवाज करत नाही एवढंच. रडायलाही श्वास लागतो ना, मग तिने रडणं सोडून दिलंय. लोक म्हणतात, किती शहाणं बाळ आहे.

आई : ओठ असे निळसर असतात का गं कायम?

धाकटी : आज बरे आहेत. बघ नीट. नजर लावून बघ. माप घेऊन टाक.

आई : तसं नको बोलूस.

धाकटी : मग कसं बोलू? तू सांग. तुला छान येतं बोलायला. राहिली तर शिवू. पोर काचेत होती, मी खाटेवर होते, दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी म्हणाली, आता झबली-टोपडी शिवायला बस. आणि तू म्हणालीस, आत्ता नको. राहिली तर शिवू. कापड वाया जाईल अशी भीती होती तुला?

आई : शब्द माझेच आहेत. ते मी नाकारत नाही.

धाकटी : नाकारून बघ ना. एकदा तरी नाकार. म्हण की तू चुकीचं ऐकलंस.

आई : बरोबर ऐकलंस. पण कापडाचं नव्हतं ते. ताईच्या आधी एक होता.

धाकटी : कोण होता?

आई : मुलगा. माझा पहिला. पोटात होता तेव्हापासून शिवत बसायचे. दुसऱ्याच्या दुकानात कामाला होते, मालकीण रोजचं उरलेलं घरी न्यायला द्यायची. एवढा ढीग झाला होता झबल्यांचा. तुझे बाबा हसायचे, म्हणायचे, अगं, एक पोर आहे की पलटण? सगळं शिवून तयार होतं. आणि तो आला, आणि दोन दिवस राहिला. त्यातलं एकही त्याच्या अंगाला लागलं नाही. घरी आले तर ढीग तिथंच. आता त्याचं काय करायचं, हे कुणाला विचारतात?

धाकटी : मग काय केलंस?

आई : काय करणार? मग ताई झाली. तिने घातली ती झबली.

धाकटी : तिला माहीत आहे?

आई : नाही. तुलाही माहीत झालं नसतं. तेव्हाच ठरवलं, पोर हातात येऊन, दूध पिऊन, ढेकर देईपर्यंत टाका घालायचा नाही. तुझ्याही वेळी नव्हता घातला. तू दोन आठवडे माझ्या जुन्या लुगड्यात होतीस. मला वाटायचं, मी शिवलं म्हणून गेला तो. वेडेपणा आहे, कळतं मला. पण काचेत ही वीतभर पोर दिसली आणि माझ्या तोंडून तेच निघालं.

धाकटी : हे तेव्हा सांगायचंस मला.

आई : तेव्हा? तुझी पोर काचेत असताना येऊन सांगू, की माझं असंच गेलं होतं? जीभ कशी उचलली असती माझी?

धाकटी : मग आज कशी उचलली?

आई : आज न सांगून काय वाचवायचं राहिलंय?

धाकटी : ताई काल आली आणि ढसाढसा रडली. ढब्बूचं सांगितलं. मला आधी हसू आलं. त्या जाड्या कुलूपवाल्याच्या पोराच्या अंगावर तू माझ्या पोरीचे कपडे घालून बघत होतीस. मग हसू थांबेना, म्हणून हे घाबरले.

आई : हसलीस ते बरं केलंस.

धाकटी : बरं काय? आई, तुझं ते निळ्या बाह्यांचं झबलं मी एकदा घातलं होतं तिला. ताईला सांगितलं नाही. म्हटलं, बघू तरी. तर हात बाहीत हरवले. आत बोटं घालून शोधावे लागले मला. गळ्यातून एक खांदा बाहेर. आणि ती माझ्याकडे बघत होती, त्या एवढ्या मोठ्या कपड्यातून. मला वाटलं, आईने पाठवून दिलंय बघ, तुझी पोर केवढी व्हायला हवी होती ते. मी तुझा इतका राग केला, इतका राग केला की तेवढा वेळ मला भीतीच वाटायची नाही. तो राग होता म्हणून मी उभी होते. आणि काल ताईने तोही काढून घेतला.

आई : कर की अजून. मी कुठे नको म्हणते? माझ्यावर करायचा नाही तर कुणावर करायचा?

धाकटी : आता होत नाही.

आई : हे घे. नकोच वाटलं तर राहू दे. पण नुसतं अंगाला लावून बघ. ताईच्या हातांवरून माप घेतलंय, अंगावरून नाही. चुकलं असेल.

धाकटी : पुढून उघडं आहे?

आई : हो. हे दोन बंद सोडले की सगळं मोकळं. खांद्यावर पण बंद आहेत, दोन्ही बाजूंना. नळी कुठेही असू दे, कपड्याला हिसका बसायचा नाही. शिवणी बाहेरून आहेत. थांब, मी नको, तूच घाल. माझे हात गार आहेत.

धाकटी : हा हात. हां, हा गं माझ्या पिल्लूचा हात. आता हा.

आई : दमतेय का?

धाकटी : थोडी. होतंय. झालं.

आई : बघू.

धाकटी : आई, बसलं.

आई : खांदे?

धाकटी : खांद्यावर बसलं. हात बाहेर आहेत, बोटं दिसतायत. आजवर हिला काही म्हणजे काही बसलं नव्हतं. दुकानातलं, लोकांनी दिलेलं, सगळं लोंबायचं. मला वाटायचं कपडे हिला वेढून बसलेत. आज पहिल्यांदा ती कपड्यात दिसतेय मला.

आई : गळा किंचित मोठा झालाय. एवढासाच. सुई-दोरा आणलाय मी, दोन टाके घालू?

धाकटी : नको. राहू दे. तुझं एक तरी चुकलेलं असू दे.

आई : मी... घेऊ का तिला? थोडाच वेळ.

धाकटी : पाठीला हात दे. आडवी नको धरूस, श्वास अडतो. छातीशी उभी धर. हां, अशी.

आई : अगं बाई.

धाकटी : काय झालं?

आई : काही नाही. वजनच नाही गं हिला. नुसतं शिवलेलं झबलं उचलावं तसं. आणि आतून केवढं धडधडतंय!

धाकटी : ते चोवीस तास तसंच. मी रोज हात ठेवून झोपते. थांबलं तर कळावं म्हणून.

आई : एकटीने काढलंस हे सगळं. मी एवढ्या जवळ असताना.

धाकटी : न्यायला आले का बघ. ताई येतेय धावत. मला नको सांगायला, मला कळलं. दे तिला इकडे.

थोरली : बोलावलंय आत. चल लवकर. दारापर्यंत दोघांनाच सोडतात, तू आणि पिल्लूचे बाबा. आई, तू वर कशी आलीस? बरं, जाऊ दे. चल गं.

धाकटी : आई, तू इथेच थांब. जाऊ नकोस.

आई : कुठे जाणार मी? हा बाक सोडायची नाही.

थोरली : मी तिला दारापर्यंत पोचवून येते. पाणी पी तू थोडं.

आई : मला नको पाणी. जा तिच्याबरोबर. तिचे पाय बघ कसे पडतायत.

थोरली : आई. ए आई. आलो आम्ही परत. डोळे उघड.

आई : नेलं?

थोरली : नेलं. एका बाईने उचललं आणि दार लागलं. पिल्लूचे बाबा आतल्या दारापाशीच उभे आहेत, हलायला तयार नाहीत. ही येऊन बसली बघ तुझ्याजवळ. तू बोल काहीतरी तिच्याशी, माझ्याने बोलवत नाही.

आई : ये, पोरी. टेक इथे. किती वेळ लागेल म्हणाले?

धाकटी : काही नाही म्हणाले. वेळ लागेल एवढंच.

आई : रडली का जाताना?

धाकटी : नाही. बघत होती. माझ्याकडे बघतच गेली.

थोरली : हे झबलं परत दिलं त्यांनी. आत त्यांचंच कापड गुंडाळतात म्हणे, बाहेरचं काही चालत नाही.

आई : दे माझ्याकडे. ऊब आहे अजून याला. इथे दुधाचा डाग पडलाय एवढासा. आण, नीट घडी करून पिशवीत ठेवते.

धाकटी : घडी नको घालूस, आई. बाहेर आणलं की लगेच घालायचंय.